देवकाबाईच्या बरडीवरचा टारफुला

समजा, तुम्हाला आसगावच्या बरडीवर ज्वारीच्या दोन ओळींमधल्या तासात उकिडवं बसवलं आहे. श्रावण सरत आला आहे, ऊन पाठीवर आहे, पायाखालची माती अजून ओली आहे. समोर ज्वारीचं धाट आणि त्याच्या बुडाशी वीतभर उंचीचं एक हिरवं रोप. वरून पाहिलं तर गरीब दिसतं. नखाएवढी पांढरी फुलं, बारीक लांबट पानं. आता ते मुठीत धरा. आधी हाताला लागतात ते केस. दोन दिवस दाढी न केलेल्या गालासारखे आखूड, खरखरीत केस. देठभर, पानभर, अगदी फुलाच्या बुडालासुद्धा. ओढा. निम्म्या वेळा ते खालून तुटतं आणि तुमच्या हातात नुसता शेंडा येतो. म्हणून खुरप्याचं टोक खुपसा, माती उकरा आणि मुळासकट वर काढा. आता नीट पाहा. त्याला स्वतःची म्हणावी अशी मुळं फारशी नाहीतच. एक पांढुरकी ओलसर गाठ आहे आणि ती ज्वारीच्या मुळाला तोंड लावून बसली आहे, गाईच्या कासेला गोचीड बसते तशी. ती गाठ दोन बोटांत दाबा. पचकन फुटते. बोटांना जे लागलं ते ज्वारीचं पाणी, हे कुणी सांगावं लागत नाही.

असं एक रोप झालं की दुसरं, मग तिसरं. एका एकरात अशी किती असतील ते मोजायच्या भानगडीत पडू नका.

देवकाबाई सव्वीस वर्षं हे काम करत आली आहे आणि सव्वीस वर्षांत तिला त्याची सवय झालेली नाही.

तशी ती किळस बाळगणारी बाई नव्हे. बपेऱ्याहून लग्न होऊन आसगावात आली तेव्हापासून तिचे हात चिखलातच आहेत. गावातल्या आठ बायांना घेऊन ती धानाच्या रोवण्याचा, म्हणजे लावणीचा, आणि निंदणाचा गुत्ता, म्हणजे ठेका, घेते. धानाच्या बांधीत पिंडरीला जळू लागली तर बोलणं न थांबवता चिमटीत धरून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, भिरकावते. कुणाची गाय अडली की लोक तिलाच बोलावतात आणि ती कोपरापर्यंत हात घालते. पण टारफुल्याचं, म्हणजे या रोपाचं, नाव निघालं की ती आधी बाजूला थुंकते. टारफुला काढून घरी आली की राखेनं हात घासते, मग कपड्याच्या साबणानं घासते, नखांत काडी फिरवते, आणि तरी त्या हातांनी भाकर थापायला तिचं मन घेत नाही. त्या दिवशी भात टाकायचं काम तिच्या नवऱ्याकडे, भय्याजींकडे येतं. भय्याजी शांत माणूस, पण चिडवायची संधी सोडत नाहीत. तांदूळ धुता धुता विचारतात, आज बपेऱ्याचे पाहुणे किती भेटले म्हणून.

तिला इतका संताप कशाचा, हे तिनं एकदा रोवण्यात बायांना सांगितलं होतं. त्या रोपाला हिरवी पानं आहेत. ऊन घेतं, आपलं थोडंफार स्वतः शिजवून खातं. म्हणजे अगदीच निराधार नाही. तरी जमिनीखालून दुसऱ्याच्या मुळाला डसतंच.

"ज्याच्या घरी चूल नाई त्यानं मागून खाल्लं त समजते," ती म्हणाली होती. "याच्या घरी चूल पेटून राहिली, तरी लोकाच्या ताटात जेवते मेलं."

बायांनी त्यावर आपापल्या घरच्या एकेकाची नावं घेतली आणि दुपारपर्यंत हसत राहिल्या.

भय्याजींच्या घरची दोन एकर बांधी तलावाखाली आहे. तिथं धान. तिसरा एकर मात्र वर, गावाच्या शिवेला लागून. लाल, गोटाळ, पाणी न धरणारी जमीन. इकडे तिला बरडी म्हणतात. देवकाबाई नवी नवरी असताना सासऱ्यानं ती बरडी तिच्या हवाली केली, कारण घरात दुसरं कुणी तिकडे फिरकायला तयार नव्हतं. तिनं पहिलं वर्ष नुसते गोटे वेचले. दुसऱ्या वर्षी ज्वारी टाकली आणि ती आली. सगळा मुलूख भात खाणारा, त्यात देवकाबाईच्या घरी भाकर. महालक्ष्म्यांच्या आंबिलीला लागणारं पीठ अख्खी गल्ली तिच्याकडून नेते. पुढे भय्याजींना साखर निघाली आणि डॉक्टरनं ज्वारी खा म्हटलं, तेव्हा सबंध घरात एकटी देवकाबाईच हसली होती.

पहिल्यांदा दिसला तेव्हा टारफुला नेमका किती होता ते तिला आठवत नाही. दोन-चार रोपं असावीत. तिनं काढली आणि फेकली. पुढच्या वर्षी दहा-वीस. तेव्हा तिच्या डोक्यात एक गोष्ट आली आणि ती तिनं जन्माची धरली.

इकडे पोळ्याच्या दिवशी दारापुढे पळसाच्या फांद्या रोवतात. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटलं की त्या उपटायच्या, घराघरातून निघायचं आणि ओरडत शिवेपर्यंत जायचं: घरातली रोगराई, खोकला, माश्या, ढेकूण, सगळं मारबतीनं घेऊन जावं म्हणून. शिवेवर फांद्या टाकायच्या आणि मागं न पाहता परत यायचं. देवकाबाईनं विचार केला, घरातली पीडा जाते तर वावरातली का जाऊ नये. पोळ्याच्या आधीचे आठ-दहा दिवस काढलेला सगळा टारफुला ती गुरांच्या कोठ्यात साठवायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या पहाटे तो टोपल्यात भरायचा, वरून पळसाची फांदी ठेवायची आणि डोक्यावर घेऊन शिवेवर जाऊन उलथायचा. उलथताना ती त्याला नाव घेऊन शिव्या द्यायची. तिच्या टोळीतल्या बायांना ते पटलं. कुणाच्या मक्यात, कुणाच्या उसात टारफुला होताच. दोन-तीन वर्षांत आठही बाया आपापला टारफुला डोक्यावर घेऊन देवकाबाईच्या मागं चालू लागल्या. आता नव्या सुनांना वाटतं की हे पूर्वापार चालत आलं आहे.

आणि टारफुला वाढत गेला. गेली तीन वर्षं तर ज्वारीला कणीस धरायच्या आतच पिवळेपणा यायचा. भर पावसात धाट तहानल्यासारखं माना टाकायचं. टारफुला मातीवर दिसण्याआधी महिना-दीड महिना खाली पीत असतो. फूल दिसेपर्यंत त्याचं पोट भरलेलं असतं. देवकाबाईला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण पिवळ्या पानावरून तिला कळायचं की खाली लागला आहे, आणि मग ती रोज सकाळी जाऊन मातीकडे टक लावून बसायची, केव्हा डोकं काढतो म्हणून.

या उन्हाळ्यात तिचा मुलगा मनिष जेवता जेवता म्हणाला की रस्त्याचं काम निघालं आहे, ठेकेदाराला मुरूम पाहिजे आणि त्यानं आपली बरडी पाहून ठेवली आहे. मनिषकडे ट्रॅक्टर आहे. वाहतूकही त्यालाच मिळणार होती. बरडी खणली तर काय राहील, असं देवकाबाईनं विचारलं. खड्डा राहील, त्यात पाणी साचेल, मासोळ्या सोडू, असं तो म्हणाला. तो वाईट बोलला नाही. तीन वर्षं ज्वारी घरची खायलासुद्धा पुरली नव्हती आणि मायचे गुडघे त्याला दिसत होते. शेवटी मायलेकांत ठरलं ते असं: यंदा शेवटचं पीक. ज्वारी साधली तर मुरुमाचं नाव काढायचं नाही. टारफुल्यानं खाल्ली तर दिवाळीनंतर मशीन लागेल.

देवकाबाईनं मग त्या एकरात जीव ओतला. जूनमध्ये आडवी-उभी वखरणी करून घेतली, बेणं निवडून निवडून घेतलं, आणि पेरल्यापासून एक दिवस वावर चुकवला नाही. धानाच्या रोवण्यातून सुटली की ती घरी जायच्या आधी बरडीवर. ऑगस्टच्या मध्यापर्यंत ज्वारी कमरेला लागली, काळीभोर. तिनं भय्याजींना मुद्दाम नेऊन दाखवली.

आठ दिवसांनी वरच्या अंगाच्या चार तासांना पिवळा रंग चढला. ती खाली बसली, बोटानं माती उकरली आणि तिला ती गाठ लागली. धुऱ्यावर जाऊन तिनं ओकारी काढली.

यंदा अधिक महिन्यामुळे पोळा उशिरा, सप्टेंबरात आला. तोवर टारफुला फुलला होता आणि आधीची फुलं वाळून त्याला बोंडं धरली होती. देवकाबाईनं पाच टोपली भरली. काढून ठेवलेला टारफुला वाळताना काळा पडतो. कोठ्यात पाहिलं तर जळक्या केसांचा ढीग लागल्यासारखा दिसायचा. पाडव्याच्या पहाटे तो शिवेवर गेला. तिनं यंदा अशा शिव्या दिल्या की मागच्या सुना एकमेकींकडे पाहू लागल्या.

पाडव्यानंतर चौथ्या दिवशी बरडीच्या धुऱ्यावर तिला टारफुल्याची एक काळी पेंडी पडलेली दिसली. धुऱ्यापलीकडे रंभाबाईचं वावर. रंभाबाईची बरडीही तशीच लाल, तशीच गोटाळ, पण तिथं वर्षानुवर्षं तीळ आणि तूर. आणि तिथं टारफुल्याचं एक रोप नाही. देवकाबाईनं त्या पेंडीकडे पाहिलं, रंभाबाईच्या स्वच्छ तिळाकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांचा हिशेब तिच्या डोक्यात एका क्षणात जुळला. रंभाबाई आपला टारफुला उपटून इकडे फेकत होती.

तिनं तिथंच उभं राहून हाक दिली. रंभाबाई तिळातून वर आली. वयानं दोन-तीन वर्षांनी मोठी, पानाचा तोबरा भरलेला, कशाची घाई नाही.

"हे काय हाये व रंभा?" देवकाबाईनं पेंडी पायानं दाखवली. हात लावला नाही.

रंभाबाईनं वाकून पाहिलं. "टारफुला दिसते बाई. तू त त्याची मास्तरीन, तुले नाई वळखू आला?"

"तुह्या धुऱ्यावर कसा आला?"

"धुरा दोघींचा हाये." रंभाबाईनं बाजूला पिचकारी टाकली. "माह्या वावरात निंगतच नाई, त मी का विकत आनून फेकू?"

"तुह्या वावरात काहून निंगत नाई मंग? तुह्या मातीले का सोनं लागलं?"

"माहा तीळ काळा हाये, त्याले नजर नाई लागत," रंभाबाई म्हणाली आणि परत तिळात बसली.

देवकाबाईनं ठरवलं की हे असं सोडायचं नाही. गावाला वर्षापूर्वी नवीन कृषी सहायक आली होती, खुशबू नावाची, आंधळगावची पोरगी. स्कूटीवरून पंधरा गावं फिरायची. देवकाबाईनं मनिषच्या फोनवरून तिला बोलावलं आणि सांगितलं की एका बाईनं माझ्या वावराची वाट लावली आहे, येऊन लिहून घ्या. खुशबू दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास आली. तिनं पायताण काढून तासात उतरून पाहिलं, रोप उपटलं, गाठ पाहिली, मग उभी राहून वावर वरून खाली न्याहाळलं. टारफुला सगळीकडे सारखा नव्हता. वरच्या अंगाला दाट, मधून एका पट्ट्यात खाली उतरत गेलेला, खालच्या धुऱ्याजवळ विरळ. रंभाबाईचा धुरा बाजूला होता. त्या बाजूला तर सगळ्यात कमी.

"काकू, काढलेला टारफुला कुठी टाकता तुम्ही?" तिनं विचारलं.

देवकाबाईनं अभिमानानं सांगितलं. गावाच्या बाहेर, शिवेवर. घरात नाही, शेणखतात नाही, कुणाच्या वावरात नाही. सव्वीस वर्षं. आणि एकटीचा नाही, सोबत आणखी आठ घरांचा.

खुशबूनं पायताण पायात सरकवलं. चला, दाखवा, म्हणाली.

शीव म्हणजे बरडीच्या वरच्या टोकाचा उंचवटा. पलीकडे गावचं गायरान, गवताची मोठी पड, त्यात मधून मधून पळस. उंचवट्यावर एक रोवलेला गोटा, आणि गोट्याभोवती पळसाच्या सुकलेल्या फांद्यांखाली तो ढीग. काळा, ओला, दबलेला. जुन्या वर्षांचा कुजून खाली बसलेला, यंदाचा वर. त्याला एक कुबट वास येत होता. देवकाबाई टाकून मागं न पाहता परत जात असे. दिवसाउजेडी तिनं तो ढीग जवळून कधी पाहिलाच नव्हता.

खुशबूनं वरचं एक वाळलेलं रोप उचललं, पिशवीतून पांढरा कागद काढला आणि बोंड कागदावर टिचकीनं झटकलं. कागदावर तपकिरी धूळ पडली. नाकात ओढायच्या तपकिरीपेक्षाही बारीक. तिनं मोबाईलला एक लहानसं भिंग अडकवून तो कागदावर धरला आणि पडदा देवकाबाईपुढे केला. धुळीचा कण न् कण दाणा होता. लांबुळका, रेघारेघांचा.

"हे बी हाये. एका बोंडात शेकड्यानं. एका झाडाचे पन्नास हजार धरा, जास्तच. दहा-पंधरा वर्षं मातीत पडून राहते, मरत नाई. ज्वारीचं मूळ जवळ आलं, त्याचा वास लागला, की उठते."

देवकाबाई पडद्याकडे पाहत राहिली. मग खुशबूनं बोट केलं. ढिगाच्या खालच्या बाजूनं पावसाच्या पाण्यानं एक घळ पाडली होती. बोटभर खोल, मग हातभर रुंद. ती उतारानं सरळ खाली गेली होती आणि देवकाबाईच्या वरच्या धुऱ्याच्या फटीतून आत शिरली होती. जिथं शिरली होती तिथूनच टारफुल्याचा दाट पट्टा सुरू होत होता.

खाली रंभाबाई तिळात काहीतरी करत होती, तिचं डोकं तेवढं दिसत होतं.

"अन् ते धुऱ्यावरची पेंडी?" देवकाबाईनं विचारलं. आवाज बारीक झाला होता.

शिवेची वाट त्या धुऱ्यावरूनच वर चढत होती. तिची आणि बायांची सगळी भरलेली टोपली पाडव्याच्या पहाटे अंधुकात तिथून गेली होती. खुशबूला हे सांगावं लागलं नाही, देवकाबाईचं तिचं तिलाच उमगलं.

रंभाबाईच्या तिळाचंही खुशबूनं सांगितलं. बी तिकडेही वाहत जात असणार. पण तिळाचं मूळ टारफुल्याला नुसतं उठवतं, पाजत काही नाही. उठलेलं बी डसायला जातं, डसता येत नाही, चार दिवसांत मरतं. असा तीळ, बरबटी म्हणजे चवळी, भुईमूग तीन-चार वर्षं घेतला तर जमीन हळूहळू साफ होते. खालच्या बांधीत पाणी उभं राहतं, तिथं तो टिकतच नाही. काढायचा तर फूल यायच्या आत, आणि लगेच जाळायचा. साठवायचा नाही, वाहायचा नाही.

देवकाबाईला यातलं किती ऐकू गेलं कोण जाणे. ती आपल्या पदराकडे पाहत होती. टोपलं डोक्यावर घेताना चुंबळ म्हणून तोच पदर ठेवलेला असायचा. म्हणजे ही धूळ पदरावर, केसांत, मानेवर. कोठ्यात दहा दिवस पडलेली, तिथून शेणात, खतात. तीच धूळ अंगाखांद्यावर घेऊन ती सव्वीस वर्षं घरात वावरली होती, भाकरी थापल्या होत्या. तिला स्वतःच्या अंगाची अशी शिसारी आली की ती तिथून तडक नाल्यावर गेली आणि नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात बसली. खुशबू काठावर चपला हातात घेऊन उभी राहिली. तिला वाटलं, बाई रडते आहे. देवकाबाई मान घासत होती.

संध्याकाळी ती तशीच रंभाबाईच्या दारात गेली. माफी मागणं तिला जमत नाही, आणि तिनं मागितलीही नाही.

"तिळाचं बेनं ठेवशीन का मले पायलीभर?" ती उभ्या उभ्याच म्हणाली.

रंभाबाई सुपात काहीतरी पाखडत होती. "काहून? तुह्या ज्वारीले सोनं नाई लागलं का?"

"मीच आनत होती व त्याले. शिवेवरून, पान्यासंगं. तुह्यावर आळ घेतला मी."

सूप थांबलं. रंभाबाईनं तिच्याकडे वर पाहिलं, ओल्या लुगड्याकडे पाहिलं. तिला टोमणा मारायचा होता, तोंडापर्यंत आला होता, पण मारला नाही.

"बस," ती म्हणाली. "च्या ठेवतो. अन् ते लुगडं बदल आधी, माह्या अंगनात बी सांडशीन."

राहिला मनिष. ज्वारी गेली होती, त्यात काही लपण्यासारखं नव्हतं. वरच्या अंगाला कणीस म्हणून काडी, खालच्या अंगाला घरापुरतंही नाही. ठरल्याप्रमाणे बरडी त्याची झाली होती. रात्रीच्या जेवणाला त्यानं विषय काढला नाही, देवकाबाईनंच काढला. तिनं शिवेवरचं सगळं सांगितलं. भय्याजींचा घास हातात राहिला. मग ती म्हणाली की आता मशीन आण, पण एक गोष्ट ऐकून घे. खुशबू मॅडमला तिनं विचारून घेतलं होतं. बी सगळं वरच्या वीतभर मातीत आहे. मशीन आधी तीच खरवडणार आणि तीच माती रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पडणार.

"मी सव्वीस वर्सं एका वावरात पेरला," ती म्हणाली. "तू टॅक्टरनं रस्ताभर पेर. जिथवर रस्ता जाईन तिथवर लोकाच्या मक्यात, उसात. लोकं इचारतीन हे कोनाच्या वावरातलं, त माहं नाव सांग."

मनिष चिडला. असं कुणी मुरूम पाहून घेतं का, म्हणाला. माती बाजूला काढून ठेवू, म्हणाला. कुठं ठेवशील, असं भय्याजींनी पहिल्यांदाच तोंड उघडून विचारलं. तो ताट सरकवून उठला. आठ दिवस मायशी धड बोलला नाही. नवव्या दिवशी त्यानं ठेकेदाराला दुसऱ्या गावची जागा दाखवली आणि घरी येऊन सांगितलं की चार वर्षं तीळच टाकायचा, ज्वारीचं नाव काढलं तर बघ. देवकाबाईनं मान हलवली. भय्याजींसाठी ज्वारी विकत आणावी लागणार होती.

शिवेवरचा ढीग जाळायला ती आणि भय्याजी आश्विनात गेले. पाऊस उघडला होता, वरचा थर सुकला होता. खुशबूनं सांगितल्याप्रमाणे त्यांनी आधी खाली खड्डा केला, घळ गोट्यांनी बुजवली, ढीग खालच्या मातीसकट ओढून खड्ड्यात घातला, वर पळसकाड्या आणि धानाचं तणस टाकलं आणि पेटवलं. भय्याजी काठी घेऊन राखण बसले. धूर तोंडावर येऊ नये म्हणून देवकाबाई पदर नाकाला लावून पलीकडे, गायरानाच्या पडीत उतरली.

सव्वीस वर्षांत ती शिवेपलीकडे अशी कधी गेली नव्हती. गवत मांडीला लागत होतं. कुसळांना लाली चढली होती. गुरं लांब चरत होती. आणि त्या गवताच्या बुडाशी, इथं एक, दहा पावलांवर एक, तिला पांढरी फुलं दिसली.

ती वाकली. तेच. तेच आखूड केस, तीच बारीक पानं, तोच निर्लज्ज पांढरा रंग. तिला वाटलं, आपल्याच ढिगातून इकडेही पसरला. ती पुढे जात राहिली. ढिगापासून लांब, वरच्या बाजूला, जिथं पाणी वाहून जाणंच शक्य नाही, तिथंही तो होता. विरळ, ठेंगणा, आपल्या जागी उभा. कुणी पेरलेला नाही, कुणी काढलेला नाही. या पडीत तो तिच्या सासऱ्याच्याही आधीपासून असावा.

तिनं नाक मुरडलं, पण खुरपं काढलं. एका रोपाच्या बुडाशी माती उकरली. खाली तीच पांढुरकी गाठ, गवताच्या मुळाला तोंड लावलेली. मग तिनं वर पाहिलं. ज्या गवताला तो डसला होता ते गवत हिरवं होतं. भरलेलं. त्याला तुरा आला होता. तिनं दुसरं उकरलं, तिसरं उकरलं. कुठल्याच गवतानं मान टाकली नव्हती. तिला ते पाहून बरं वाटलं नाही. तिला ते पाहून उलट जास्तच किळस आली, घरात मारहाण करणारा माणूस परगावात साळसूद बसलेला दिसावा तशी.

तिनं जाऊन भय्याजींचा फोन आणला आणि परत तिथंच गवतात बसून खुशबूला लावला. काय पाहिलं ते सांगितलं. गवत मिश्र असतं, रोपं विरळ असतात, रानातल्या गवताला सवय झालेली असेल, असं काहीबाही खुशबूनं सांगून पाहिलं. मग म्हणाली की काकू, खरं सांगते, मला नीट माहीत नाही, मी मोठ्या सरांना विचारते.

"इचार," देवकाबाई म्हणाली. तिनं उकरलेली ती गाठ खुरप्याच्या टोकावर धरली होती, हाताला लागू न देता. "इचार त्याईले. तेच बी, तशीच गाठ, तसंच डसते. मंग या गवताले जगू देते, अन् माह्या जवारीलेच काहून मारते?"